तेरा सेकंद

"इथे थांबवा," बाई म्हणाली.

म्हाताऱ्या संकलकाने कळ दाबली. पडद्यावर तीन मुली एकच चषक धरून थिजल्या. मुलींच्या रिले शर्यतीवरचा तो पन्नास वर्षांपूर्वीचा दहा मिनिटांचा माहितीपट. त्यानेच तो कापून जोडला होता. आता जुन्या रिळांची ओळख पटवायला तो आठवड्यातून दोनदा या संग्रहालयात यायचा.

"रिलेत चौघी पळतात," बाई म्हणाली. ती शाळेत खेळाची शिक्षिका होती. "मी तीनच मोजल्या. तिसरीने काठी पुढे केली की एकदम टाळ्या वाजवणारी माणसं. चौथी कुठाय?"

तो चष्मा पुसू लागला.

"आई म्हणायची, 'चौथी मी होते.' गेल्या महिन्यात गेली ती."

रीळ पाण्याने खराब झालं होतं, असं सांगून टाकावं. कुणाला कळणार होतं? शब्द अगदी ओठांवर आले होते. ते गिळून तो म्हणाला, "मी कापली."

बाईने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"दिग्दर्शक म्हणाले, फिल्म परदेशात जायचीय. या तिघी शोभतात. ही काळी, त्यात झाडूवाल्यांच्या वस्तीतली. हिला काढ. मी नवा होतो, पोटाचा प्रश्न होता..." तो अडखळला. "नाही. पोटाचा नव्हता. तेव्हा मला त्यात काही वाटलंच नाही. चषकाच्या वेळी ती कॅमेऱ्यात आलीच नव्हती, कापायची होती फक्त धाव. वीस फूट फिल्म. तेरा सेकंद."

"तो तुकडा?"

"वितळवला असणार. कापलेली फिल्म चांदी काढायला न्यायचे."



"कशी पळत होती?" बाईने विचारलं.

"काठी हातात आली तेव्हा संघ तिसरा होता. पहिल्याच दहा पावलांत तिचा एक बूट निसटला. तिने वळूनही पाहिलं नाही. दोघींना गाठलं, मागे टाकलं. फीत छातीला लागली तरी पळतच होती. तिला कुणी थांब म्हणालंच नसावं. कापण्याआधी मी तो तुकडा सात-आठ वेळा चालवला. गरज नव्हती. बघत राहावंसं वाटायचं."

"आणि हे आज सांगताय."

"हो."

बाईने पर्स मांडीवर ओढली, पण उठली नाही. पडद्यावरच्या तिघींकडे बघतच ती बोलू लागली.

"मी सहावीत असताना ही फिल्म टीव्हीवर लागली होती. आईने अख्खी गल्ली घरात गोळा केली. दाराबाहेरसुद्धा माणसं उभी होती. फिल्म संपली. कुणी काही बोलेना. मग बाबा म्हणाले, 'काय गं, तू कुठल्या झाडामागून पळालीस?' सगळे हसले. मीही हसले."

"आणि तुमच्या आई?"

"ती चहा टाकायला उठली. त्यानंतर डोळ्यांदेखत बस सुटली, तरी आई कधी धावली नाही."