वायपर मिळत नाहीत म्हणे

आई दुकानातून परतली ती दोन लांब खोकी काखोटीला मारून आणि तळपायाची आग मस्तकात घेऊन. पार्किंगमध्ये तिचा लेक आपल्या नव्या गाडीवर ओणवा झाला होता. वायपर बदलायला निघाले होते राजे! वायपरचा दांडा ओढून उभा करू पाहत होते आणि तो दर वेळी बॉनेटच्या काठाला अडकत होता. काठाचा रंग उडायला लागला होता.

"असा ओढू नकोस," ती म्हणाली. "रंग जाईल."

"आई, तू यात पडू नकोस. नवी गाडी आहे ही. तुझ्या डब्यासारखी नाही."

डबा म्हणजे शेजारी उभी असलेली आईची जुनी गाडी. एरवी एक दिवसाआड ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, आईच्या धाकट्या बहिणीकडे जायची. आता महिना होत आला, जागची हलली नव्हती. रबर फाटलंय म्हणत लेकाने तिचे वायपर स्वतःच काढून नेले होते. दुकानात दाखवून तसेच आणतो म्हणाला. मग रोज एकच पालुपद. एवढ्या जुन्या गाडीचे आता मिळत नाहीत, आई. बनवायचेच बंद केलेत. आणि बाहेर पाऊस रोजचा. उघडे दांडे काच ओरखडतील म्हणून आईनेच त्यांच्या टोकांना चिंध्या बांधल्या होत्या, कापलेल्या बोटाला बांधतात तशा. बहीण फोनवर विचारायची, कधी येतेस गं? आई म्हणायची, वायपर मिळू देत.

मिळू देत म्हणे! आज ती स्वतः दुकानात गेली, तर दुकानदाराने मागच्या फळीवरून हात लांब करून काढून दिले. वर म्हणाला, "जुन्या गाड्यांचे ढिगाने पडलेत. नखरे नव्या गाड्यांचे. परवा तुमचे चिरंजीव त्यांच्या गाडीचे घेऊन गेले की. या गाडीचं काही बोलले नाहीत."

आईने लेकाकडे पाठ केली. आपल्या गाडीचा दांडा उभा केला. तो सुटून आपटला तर काचच जायची, म्हणून खाली टॉवेलची घडी ठेवली. चिंधी सोडली, नवं ब्लेड दांड्याच्या आकड्यात घालून वर ओढलं. टक्. मग दुसऱ्या बाजूला गेली. टक्.

लेकाने मान वळवली. "कुठे मिळाले?"

"जिथे तू विचारलंच नाहीस, तिथे."

तो ओशाळला. आणि ओशाळलेला माणूस करतो तेच केलं. त्याने आवाज चढवला. "हो, नाही विचारलं! त्या दिवशी फाटकाला गाडी घासलीस, विसरलीस?"

"घासली. रंग गेला. मी गेले का?"

"उद्या काही झालं तर लोक मला विचारतील, या वयात आईला गाडी दिलीस कशाला!"

"दिलीस?" आई अशी कडाडली की वरच्या बाल्कनीतून सून डोकावली, खालचा रंग पाहिला आणि गुपचूप आत गेली. "गाडी माझी. लायसन माझं. तू कोण रे देणारा?"

लेकाने हातातलं ब्लेड बॉनेटवर टाकलं. "भीती वाटते मला. तू गाडी काढलीस की परत येईपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही. झालं समाधान?"

हे खरं होतं. तेवढं आईला कळलं. पोटच्या पोराची थाप मात्र महिनाभर कळली नव्हती, आणि जीव जळत होता तो त्यासाठीच.

"मग हे तोंडावर बोलायचं होतंस," ती म्हणाली. "भांडलो असतो. भांडणात मी कदाचित हरलेही असते. पण तू मला वेड्यात काढलंस. महिनाभर मी तुझ्या मावशीला फोनवर सांगतेय, वायपर मिळत नाहीत म्हणे! आणि तू शेजारी बसून जेवतोयस, मूग गिळून!"

"चुकलं माझं."

"चुकलं नाही. तू ते ठरवून केलंस. बस गाडीत."

"कुठे?"

"मावशीकडे. भीती वाटते ना? मग माझ्याशेजारी बसून घाबर. माझ्या पाठीमागे नको."

"आणि माझी गाडी?"

"किल्ली फिरवून बंद कर आणि लगेच वायपरची कळ दाब. दांडे आपोआप काचेवर वर येऊन उभे राहतात, मग काठाला अडकत नाहीत. दुकानदाराने न विचारता सांगितलं. आल्यावर कर. आता बस."

तो बसला. एवढा बाप्या माणूस, पण गुडघे आवळून बसला.

रस्त्यावर पाऊस होताच. नवी रबरं काच एका फेरीत लख्ख करत होती. आईचा राग तिळभर उतरला नव्हता, पण गाडी ती नेहमीसारखीच चालवत होती, बेताच्या वेगाने, आरशात बघत. चौकात आडव्या रस्त्याने बस आली. अजून बरीच लांब होती. लेकाचा उजवा पाय पुढे सरकला आणि पायाखालच्या चटईवर गच्च दाबला गेला. आईने सावकाश गाडी थांबवली, बस जाऊ दिली, पुन्हा निघाली. पुढच्या चौकात पुन्हा तेच.

"तिथे ब्रेक नाहीये," ती समोर बघत म्हणाली. "तुला गाडी शिकवत होते ना, तेव्हा मीही शोधला होता."