आठ ओळींचा गायक

ब्यूनोस आयर्सच्या एका टँगो वाद्यवृंदात ओरेस्तेस बावीस वर्षं गायक होता. गायक कसला, खुर्चीत हाताची घडी घालून बसायचं, मास्तरांनी मान हलवली की उठून तेवढं ध्रुवपद म्हणायचं आणि पुन्हा बसायचं. नाचणाऱ्यांना ताल हवा असायचा, शब्द नकोत. म्हणून मास्तर चिठ्ठीवर आठच ओळी लिहून द्यायचे.

लग्नाला पन्नास वर्षं झाली त्या दुपारी अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजत होतं. बायको एल्विरा म्हणाली, "म्हाताऱ्या, जन्मभर तुझा तुकडाच ऐकला. आज ते 'परत ये' गाणं माझ्यासाठी अख्खं म्हण."

जावयाने गिटार छेडली. ओरेस्तेस सवयीने बसूनच राहिला. पहिलं कडवं नुसतंच वाजून गेलं. मग तो उठला, ध्रुवपद म्हणाला आणि खाली बसला.

"अरे, पुढे?" एल्विराने विचारलं.

ओरेस्तेसने थकून कपाळ पुसलं.



"बावीस वर्षं तिला 'परत ये' म्हणून विनवलं गं. ती आली की नाही, ते मला कुणी सांगितलंच नाही."