लाँचीचा नंबर

पंच्याऐंशी सालची नारळीपौर्णिमा. मिरकरवाड्याच्या दर्यानं नारळ झेलला, आणि लाँचमालक दाजींनी मोठ्या खटपटीनं मिळवलेला, नव्या लाँचीवर रंगवलेला नंबर खलाशांना कौतुकानं दाखवला: 68089.

“लाखात एखादा असतो असा आकडा. खाली डोकं वर पाय केलेत, तरी वाचताना तोच.”

धक्क्यावर वाकून, माना उलट्या करून खलाशांनी नंबर वाचला. खरंच तोच होता. मग एकेकानं लाँचीतलं आपलं बोचकं काढलं आणि घरची वाट धरली.

“अरे, हंगामाची पहिली फेरी. तुमच्याविना लाँच नेणार कोण?” दाजी कळवळले.

 

खलाशांचा म्होरक्या केरू तांडेल तेवढा थांबला. “दाजी, लाँच उलटली तरी नंबर सुलटाच दिसंल, ही सोय बेस केलीत. आमची काय केलीत?”