आठजणांची होडी

होडी काही बुडेना.

रेश्माने लॅपटॉपच्या पडद्यावरच्या होडीत अकरावा माणूस बसवला. होडी थोडी खाली गेली, डुलली आणि पुन्हा सरळ झाली. खरं तर होडी आठजणांची होती.

"फुकटातलं इंजिन हाय, असंच चालायचं," उदयसिंह म्हणाला. तो मेढ्याचा, डोंगरातला. महापूर त्याने फक्त मोबाइलवर पाहिलेला, पण पाण्याबद्दल बोलायची हौस दांडगी.

दोघांचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. पुरात होडी कशी न्यायची, हे गावोगावच्या पोरांना शिकवणारा गेम. तो कुठल्या इंजिनवर, म्हणजे कुठल्या तयार सांगाड्यावर बांधायचा, ते उद्या सरांना सांगायचं होतं. एक इंजिन बड्या कंपनीचं. त्यातलं पाणी इतकं हुबेहूब, की बघणाऱ्याने पाय आखडून घ्यावेत. पण आत काय चालतं ते त्या कंपनीलाच ठाऊक. दुसरं फुकटातलं, ओपन सोर्स. त्यातलं पाणी गोधडीसारखं दिसे. पण त्याची ओळ न् ओळ उघडून वाचता येई, हवी तशी बदलता येई.

निवाडा करायला त्यांनी रेश्माच्या चुलत्यांना, नाथाजीनानांना बसवलं होतं. सात वर्षांपूर्वीच्या पुरात गावची होडी नानांच्याच हातात होती. ती उलटली. चौघं गेली. त्यात रेश्माची आई होती. "आठाच्या जागी अकरा घेतली, चूक माझी," असा जबाब नानांनी आपणहून दिला. गावाला दोष द्यायला कुणीतरी हवंच होतं. लोकांनी नानांना चहाला बोलवायचं सोडलं आणि नानांनी नदीकडे जायचं.

रेश्मा तेव्हा तेरा वर्षांची. गुरं सोडायला गेली आणि गोठ्याच्या पत्र्यावर अडकली. होडी तिला घ्यायला आली. तिला पुढचं एवढंच आठवतं, की होडीतल्या सगळ्यांनी तिच्याकडे हात पुढे केले. सगळ्यात पुढे आईचा होता. मग पाणीच पाणी.

आपल्यामुळेच होडी बुडाली, म्हणून ती रडायला लागली की नाना एकच सांगत. "न्हाई गं पोरी. होडी आदीच जड झालती. तू आली नसतीस, तरी बुडणारच हुती." त्या एका वाक्यावर ती पुन्हा जेवायला लागली होती, शाळेत गेली होती, सांगलीच्या कॉलेजपर्यंत आली होती.

सकाळी त्यांनी कंपनीचं इंजिन लावून पाहिलं होतं. त्यात नववा माणूस बसला आणि होडी बुडाली.

"आसंच," नाना लगेच म्हणाले होते. "आगदी आसंच झालतं. हेच घ्या."

"नवव्याला कशी बुडंल, नाना? तुमी तर अकरा घेतलीवती." रेश्माने विचारलं होतं.

का बुडाली ते दाखव, असं ती उदयसिंहला म्हणाली, तर त्याने हात वर केले. आतलं दिसत नव्हतं. रेश्माला ते पटलं नाही. उद्या पोरं ह्या खेळावर भरवसा ठेवून पुरात उतरणार. शिकवायचं तर खरं तेच शिकवायला हवं. म्हणून तिने हे दुसरं इंजिन उघडलं होतं. होडीची मापं खरी घातली, पाण्याचा जोर त्या दिवसाचा घातला.

आता तिने बारावा माणूस बसवला. बारावी ती स्वतः. होडी तरंगतच राहिली.

"चुकतंय तुमचं यंत्र," नाना म्हणाले. "ऱ्हाऊ दे. बंद कर."

"थांबा की, नाना. ह्याच्यात आत बघता येतं." तिने होडीचा कोड उघडला. उदयसिंह तिच्या खांद्यावरून डोकावून वाचायला लागला.

"अगं, माणसं वाढली की होडी नुसती खाली दबतीय. उलटायचं गणित निराळंच हाय. वजन कुठल्या बाजूला हाय, ते बघतंय हे." त्याने माउस ओढून घेतला आणि होडीतली सगळी माणसं एका कडेला सरकवली. होडी तिथल्या तिथे पालथी झाली. "हे बघ! सगळी एका बाजूला वाकली की खेळ खलास. सापडलं की!"

तो खूश होऊन हसला. त्याच्याबरोबर कुणी हसलं नाही.

रेश्मा पालथ्या होडीकडे बघत राहिली. तिला ते हात आठवले. सगळेच्या सगळे, एकाच बाजूने आलेले. आईचा पुढे. तिने मान वळवून नानांकडे पाहिलं. तिला विचारायची हिंमत होईना, आणि नानांच्या तोंडावर सगळं उत्तर होतं.

नाना उठले. त्यांनी लॅपटॉप हळूच मिटला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"रेशमे," ते म्हणाले, "ते सकाळचंच घे, पोरी. आतलं न दिसणारं."