शेजारच्या गावाचा होकार

डोरीन हॅकेटने हात वर केला आणि त्याच क्षणी तिला स्वतःचाच संताप आला. नकार द्यायला म्हणून तर ती आली होती!

ऑर्कलीच्या चर्चची ती कारभारीण. शेजारच्या बिडवेलच्या चर्चशी मिळून एकच कारभारी मंडळ करायचा घाट पाळकबाई फिलिपांनी घातला, तेव्हापासून तिचं डोकं फिरलं होतं. दोन्ही चर्चना पाळक त्या एकट्याच. मंडळ एक झालं की उपासनाही एकच होणार, एका रविवारी इथे, एका रविवारी तिथे, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मंडळाच्या संमतीशिवाय उपासना कमी करता येत नाही, आणि ऑर्कलीचं मंडळ ती संमती मेलं तरी देणार नव्हतं. डोरीनच्या सासूबाई नव्वदीच्या पुढच्या. रविवारी काठी टेकत चर्चला जाणं, एवढंच त्यांचं आठवड्यातलं बाहेर पडणं. बिडवेल पार टेकडीपलीकडे, आणि रविवारी तिकडे बसही जात नाही.

पण सभेत पाळकबाई गोड हसून म्हणाल्या, "बिडवेलकरांनी कालच होकार दिलाय हं. एकमताने! इतके खूश आहेत बिचारे."

झालं! आता शेजाऱ्यांना झिडकारायचं कसं, तेही पाळकबाईंच्या तोंडावर? ऑर्कलीत माणूस एक वेळ जीव देईल, पण उद्धट म्हणवून घेणार नाही. एकेक करत सगळे हात वर गेले. मग सगळ्यांनी चहा घेतला, केक छान झालाय म्हटलं आणि घरी जाऊन दारं आपटली.

दुसऱ्या दिवशी पोस्टात बिडवेलचा कारभारी क्लाइव्ह ट्रसकॉट भेटला. डोरीनने नाइलाजाने मान हलवली. तो उसळलाच.

"झालं समाधान, मिसेस हॅकेट? एवढी कसली घाई झाली होती तुम्हाला?"

"आम्हाला? अहो, होकार तुम्ही दिलात आधी!"

"आम्ही? बाई म्हणाल्या, ऑर्कलीने एकमताने मान्य केलंय. मग नाही कसं म्हणणार? आमच्यात एकालाही नको होतं हे!"

डोरीनचा चेहरा लालबुंद झाला. "लबाड बाई!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की रांगेतली माणसं वळून बघू लागली. "देवाच्या घरात उभं राहून खोटं बोलते! मिस्टर ट्रसकॉट, आत्ताच्या आत्ता माझ्याकडे चहाला चला."

महिन्याभरात एकत्र मंडळाची पहिली सभा भरली. पाळकबाईंनी प्रस्ताव मांडला: एक रविवार ऑर्कली, एक रविवार बिडवेल. "ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

एकही हात हलला नाही. बाईंनी ऑर्कलीकरांकडे पाहिलं, मग बिडवेलकरांकडे पाहिलं. कोणी नजर चुकवली नाही.

क्लाइव्ह उठला. "आहे तेच चालू राहील. सकाळी ऑर्कली, मग बिडवेल. दर रविवारी. आमचं सगळ्यांचं ठरलंय."

"सगळ्यांचं?" बाईंचा आवाज चिरकला.

"सगळ्यांचं," डोरीन म्हणाली. "मंडळ आता एकच आहे ना, बाई. यांचं त्यांना सांगायचा तुमचा त्रास वाचला."