सांग त्याला

"फुग्या, सांग त्याला, बारा बाय अठराची काच हवी. आणि या खेपेला जरा काटकोनात."

लाकडी पट्टीवर करवत चालवता चालवता थोरला म्हणाला. फ्रेमच्या त्या अरुंद दुकानात टेबलाखाली पडलेला कुत्रा ताडकन उठला. त्याने थोरल्याकडे पाहिलं. मग पलीकडे काच कापणाऱ्या धाकट्याकडे पाहिलं. दोघांच्या मधे इकडून तिकडे घुटमळला, आणि काय करावं तेच न कळून स्वतःचं शेपूट तोंडात धरून चावायला लागला.

"फुग्या, सांग त्याला, ऐकू आलं," धाकटा म्हणाला.

कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या मॅडम नुसत्या बघत होत्या. त्या जनावरांच्या वागण्याच्या डॉक्टर. ताप-जुलाब बघणारे डॉक्टर वेगळे, या खोडी बघायच्या. शेपटावरची पट्टी फुग्याने पुन्हा फाडली, तेव्हा नेहमीच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. जखम चिघळत चालली आहे, चावणं थांबलं नाही तर शेपूट कापावं लागेल, असं सांगून त्यांनी या मॅडमचा नंबर दिला होता. त्यांना बोलवायचं ठरलं तेसुद्धा फुग्याच्याच मार्फत.

भावाभावांत अबोला होता. झालं होतं एवढंच की, गिऱ्हाइकांनी दुकान भरलेलं असताना थोरला बोलून गेला, याला एक काच द्या, हा चार करून देतो. सगळे हसले. धाकट्याच्या मात्र ते वर्मी लागलं आणि त्याने तोंडाला कुलूप घातलं. थोरला तरी कुठे कमी? त्यानेही घातलं. पण एकाला लाकूड येतं, एकाला काच. न बोलता फ्रेम व्हायची कशी? अशात एक पिल्लू दुकानाच्या पायरीवर येऊन बसलं. थोरल्याने त्याला आत घेतलं, नाव ठेवलं, आणि दोघांचीही सोय झाली. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसंच. फक्त लेकीच्या जागी कुत्रा.

गिऱ्हाइकांना याची भारी मजा वाटायची. एवढ्या हडकुळ्या कुत्र्याला फुग्या म्हणायचं सुचलं कोणाला, असं कोणी विचारलं, की थोरला कानामागची पेन्सिल शोधायला लागायचा. धाकट्याचे गोबरे गाल लाल व्हायचे.

मॅडमनी सगळं विचारून घेतलं. खातो काय, झोपतो कुठे, कोणी मारतं का. मारण्याचा विषय निघताच दोघे एकदम नाही म्हणाले आणि एकदम बोललो म्हणून एकदम गप्प झाले. उपाय तर सगळे करून झाले होते. पिसवा असतील म्हणून औषधाने आंघोळ घातली, पॉलिशच्या वासाने होत असेल म्हणून डबे मागच्या खोलीत नेले, खाणं बदललं. रोज पट्टी धाकटा बांधायचा, अंथरूण थोरला झटकायचा. तरी चावणं चालूच. कुत्रा गोंधळलेला आणि हे दोघे त्याच्याहून गोंधळलेले.

"खोड त्याच्यात नाही काका," मॅडम थोरल्याला म्हणाल्या. "दिवसभर त्याला हाक ऐकू येते. तो उठतो, आणि बघतो तर त्याच्यासाठी काहीच नाही. नाव त्याचं, बोलणं दुसऱ्याशी. त्या बिचाऱ्याने करायचं काय?"

मग त्यांनी उपाय सांगितला. हे नाव आता त्याच्या मनात खराब झालंय, ते नुसतं कानावर पडलं तरी त्याचा जीव घाबरा होतो. तेव्हा नवं नाव ठेवायचं आणि त्या नावाने फक्त त्याच्याशीच बोलायचं. जुनं टाकून द्यायचं.

थोरल्याची करवत अर्ध्यात थांबली. बाकी काहीही सांगा, पण नाव नाही टाकता येणार, असं तो पुन्हा पुन्हा म्हणायला लागला. मॅडम चक्रावल्या. कुत्र्याचं शेपूट जायची वेळ आली आणि हा माणूस नावाला धरून बसलाय?

"ते कुत्र्याचं नाहीच," धाकटा मॅडमकडे बघत म्हणाला. "माझं आहे. लहानपणी हा एकटाच मला त्या नावाने हाक मारायचा. भांडण झालं आणि याने ते कुत्र्याला दिलं. मला कुत्र्याच्या पंगतीला बसवलं."

असा अर्थ कोणी काढेल हे थोरल्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. सवयीने तो टेबलाखाली वळला, "फुग्या, सांग" एवढं म्हणाला, आणि कुत्रा धडपडून उठलेला पाहून ओशाळला. मग त्याने मान वर केली. भावाच्या तोंडाकडे त्याने किती दिवसांनी नीट पाहिलं होतं कोण जाणे.

"तुझ्याशी बोलायला मला तोंड उरलं नव्हतं रे," तो म्हणाला. "पण तुला हाक मारायची सवय जाईना."

धाकट्याने हातातली काच उगाच पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली. एवढे दिवस जी शिवी म्हणून ऐकली ती शिवी नव्हती, हे त्याच्या गळी उतरायला वेळ लागत होता. मॅडमनी पिशवी उचलली होती, पण त्याही निघेनात.

"फुग्या," थोरल्याने हळूच हाक मारली.

कुत्रा दचकला आणि शेपटाकडे वळला. धाकट्याने काच खाली ठेवली, वाकून त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"तू झोप रे राजा," तो म्हणाला. "दादा मला बोलावतोय."