सोडियमचा ग्रुप फोटो

शाळेतल्या शिक्षकांचा ग्रुप फोटो गच्चीवरून काढायचा होता, म्हणून रसायनशास्त्राच्या बाईंनी अकरा जणांना अणूसारखं उभं केलं. मधे दोघे, त्यांच्याभोवती आठ जणांचं कडं आणि मुख्याध्यापक एकटेच बाहेर.

“मी असा लांब का?” त्यांनी विचारलं.

“सर, हा सोडियमचा अणू आहे. त्याची सगळी मदार बाहेरच्या एकट्या इलेक्ट्रॉनवर असते,” बाई म्हणाल्या.

सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. फोटो फ्रेम करून त्यांनी घरात दर्शनी भिंतीवर लावला आणि बारावीला सायन्स घेतलेल्या लेकीला तोऱ्यात सगळं ऐकवलं.

ती जरा चाचरली.



“बाबा, तो बाहेरचा एकदाचा गेला ना, की उरलेले दहा सुखाने नांदतात.”